उतरत्या पाट्यांचे रोबो (वेजबॉट) विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत चालावेत का?

खटपटे_ताई

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी शाळेतल्या मुलांच्या रोबोटिक्स चमूबरोबर असते. मार्गदर्शक म्हणून नाव लागतं, प्रत्यक्षात स्क्रू शोधून देणं आणि बॅटऱ्या चार्ज झाल्या का ते पाहणं ही माझी कामं.

परवाच्या स्पर्धेत आमची मुलं उपांत्य फेरीपर्यंत गेली. आमचा रोबो वस्तू उचलून उंच खांबावर टाकणारा. समोरच्या जोडीतल्या एका रोबोला चारही बाजूंनी पॉलिकार्बोनेटच्या तिरक्या पाट्या होत्या, पार जमिनीपर्यंत उतरलेल्या. त्याने सबंध सामन्यात मोजून दोन वस्तू टाकल्या असतील. बाकी वेळ तो आमच्याखाली घुसत होता. आमची पुढची चाकं हवेत, चालवणारा पोरगा ओरडतोय, "ताई, चाकं फिरतायत पण गाडी जात नाहीये!" असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा आमची लिफ्ट पूर्ण वर होती आणि रोबो आडवा झाला. सामना तिथेच संपला.

पंचांना विचारलं तर म्हणाले, मुद्दाम पाडलं असं दिसलं नाही, लिफ्ट वर ठेवून धक्काबुक्कीत जाणं हा तुमचा निर्णय होता.

नियमाबाहेर काही झालं नसेल, मान्य. पण मुलांनी चार महिने खपून केलेली यंत्रणा एका तिरक्या पाटीपुढे निकामी व्हावी, हे मला पटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं? अशा रचनेवर बंदी असावी का?

नटबोल्ट

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

गंजकी_स्प्रिंग

वेज म्हणजे पाचर, आणि मराठीत 'पाचर मारणे' हा वाक्प्रचार उगाच नाही आला. दुसऱ्याचं चालू काम अडवायला याहून स्वस्त यंत्र नाही. (ताई, हलके घ्या.)

ऊर्जा_अक्षय

भावना बाजूला ठेवून आधी गणित बघू, म्हणजे राग नेमका कशाचा ते कळेल.

ढकलाढकलीत तुमचा जोर शेवटी चाकांच्या पकडीवर थांबतो, आणि पकड म्हणजे घर्षणगुणांक गुणिले चाकांवर आलेला भार. समजा दोन्ही रोबो ८ किलोचे आणि घर्षणगुणांक ०.९. दोघांची पकड प्रत्येकी ७.२ किलोभार, म्हणजे बरोबरी. आता एकाची पाटी दुसऱ्याखाली गेली आणि २ किलो भार तिच्यावर आला. पाटीवाल्याच्या चाकांवर १० किलो, समोरच्याच्या चाकांवर ६. पकड झाली ९ विरुद्ध ५.४. वजन तेवढंच, मोटरी त्याच, पण जोर ५ ला ३ झाला. समोरच्याचा रोबो फक्त पुढच्या चाकांवर चालणारा असेल तर विषयच संपला, ती चाकं हवेतच आहेत.

पाडण्याचंही तसंच. गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर उंचीवर आणि चाकाच्या टेकूपासून आडवं अंतर २० असेल तर साधारण ३४ अंश कलेपर्यंत रोबो तग धरतो. लिफ्ट वर गेली, गुरुत्वमध्य ४५ वर पोचला, की तोच कोन २४ अंशांवर येतो. त्यात समोरचा धावत आलेला असेल तर तेवढेही लागत नाहीत.

म्हणजे पंच म्हणाले ते भौतिकशास्त्राच्या हिशेबाने चूक नाही. न्याय्य होतं का, हा वेगळा प्रश्न.

कप्पी_आणि_दोरी

एक दुरुस्ती. पकड वाढली म्हणून जोर आपोआप वाढत नाही, मोटरीत तेवढा पीळ (टॉर्क) हवा. वेगासाठी गिअर लावलेला पाटीवाला दुसऱ्याचं वजन अंगावर घेतो आणि जागच्या जागी थांबतो, मग मोटरी तापतात आणि कंट्रोलर त्यांची ताकद आपोआप कमी करतो. व्हेक्समध्ये (विद्यार्थ्यांची रोबो स्पर्धा) अलीकडच्या मोसमांत सगळ्या मोटरी मिळून ८८ वॉटची मर्यादा आहे, तेव्हा चाकांना ताकद दिली की हातांना कमी पडते. पाटी फुकट असली तरी तिच्यामागचा जोर फुकट नाही.

ऊर्जा_अक्षय

बरोबर. मान्य.

तिरपी_चाल

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण आमच्या चमूचा पहिल्या वर्षीचा रोबो असाच होता.

आम्ही पाच जणी, सगळ्या नवीन. हात बसवला तर तो डुगडुगायचा. वस्तू धरणारी चाकं तीनदा केली, तिन्ही वेळा वस्तू अडकून बसली. स्पर्धा आठ दिवसांवर आली तेव्हा आम्हाला फक्त एक गोष्ट नीट जमत होती, गाडी चालवणं. मग ठरवलं की गुण मिळवता येत नाहीत तर निदान जोडीदार चमूला मोकळं रान मिळवून देऊ. पाट्या लावल्या. आणि त्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला बाद फेरीसाठी आपणहून जोडीला घेतलं.

पुढच्या वर्षी आम्ही चांगला रोबो केला. पण पहिल्या वर्षी तो पाटीचा आधार नसता तर आमच्यातल्या दोघी तरी सोडून गेल्या असत्या. 'चार महिने खपून केलेली यंत्रणा' असं ताई म्हणतात, तेव्हा आम्हीही खपलोच होतो हो. आमचं दिसत नव्हतं इतकंच.

खटपटे_ताई

तिरपी_चाल, हे मला सुचलं नव्हतं. खरंच. पण परवाचा चमू नवखा नव्हता, गेल्या वर्षीचे विजेते होते ते.

तिरपी_चाल

मग तर त्यांनी विचार करून लावल्या असणार. तुमची लिफ्ट त्यांनी सकाळच्या फेऱ्यांत पाहिली असेल.

जुना_जाणता

वाद जुना आहे, म्हणून थोडा इतिहास.

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनची (हीही विद्यार्थ्यांचीच, पण मोठ्या रोबोंची) पहिली स्पर्धा १९९२ ची. तिथे पुढे रोबो वजनदार झाले आणि तिरक्या बाजूंचा प्रश्न आलाच. मधल्या काही वर्षांच्या नियमावलीत चक्क कोन लिहिलेला होता. जमिनीपासून साडेआठ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकवीस सेंटिमीटरपर्यंत, प्रतिस्पर्ध्याला भिडणारा जो भाग असेल तो उभ्या रेषेपासून १० अंशांच्या आतच हवा. पाचर चढाईची असो वा बचावाची, दोन्ही नको.

मग २००८ पासून बंपर सक्तीचे झाले. आत प्लायवुड, त्यावर पोहायला शिकताना वापरतात त्या फोमच्या नळ्या, वरून कापड. हे बंपर सगळ्यांना ठरावीक उंचीच्या पट्ट्यात लावावे लागतात, त्यामुळे धडक बंपरची बंपरशी होते आणि खाली घुसायला वाव फारसा उरत नाही. पाचरीचा वाद तिथे वादाने मिटला नाही, फोमने मिटला.

व्हेक्सच्या आकाराच्या रोबोंना बंपर नाहीत. सुरुवातीला १८ इंचांच्या घनात बसायचं, त्यात बंपर लावले तर बाकीचं कुठे बसवायचं? म्हणून तिथे वाद अजून जिवंत आहे.

मराठी_शाळेतला

'पोहायच्या नळ्या लावून शांतता'. हा तोडगा इतरही अनेक ठिकाणी चालेल. या धाग्यावरही.

सुमो_खेळणारा

आमच्याकडे या प्रश्नावर कोणी रडत नाही. रोबो सुमोमध्ये पाचर हाच पाया. मिनी सुमोत १० बाय १० सेंटिमीटर, ५०० ग्रॅम, ७७ सेंटिमीटरचं गोल रिंगण. मोठ्या गटात २० बाय २०, ३ किलो, १५४ सेंटिमीटरचं रिंगण. प्रत्येकाच्या पुढे धारदार पातं, आणि ज्याचं पातं केसभर खाली तो जिंकला. सामना डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. (श्लेष आपोआप झाला.)

नियम आहेत, पण ते पाचरीवर नाहीत. उदाहरणार्थ, चाकं चिकट नकोत, त्यासाठी रोबो कागदावर ठेवून उचलतात, कागद बरोबर उचलला गेला तर बाद.

शेरास सव्वाशेर. पातं खाली करायला शिका, बंदी कसली मागता?

नटबोल्ट

आलो. सुमोवाल्यांनी मुद्दा सांगितला पण तो इथे लागू होत नाही.

सुमोत रिंगणाबाहेर ढकलणं हाच खेळ आहे. दोघेही त्यासाठीच आले आहेत. ताईंच्या स्पर्धेत खेळ वस्तू टाकण्याचा आहे. तिथे पाचर म्हणजे बुद्धिबळात समोरच्याचा हात धरून ठेवण्यासारखं. चाल नियमात बसते की नाही हा प्रश्नच नाही, तो खेळच वेगळा होतो.

आणि नुसत्या लढतींच्या जगातसुद्धा पाचरीचा कंटाळा आलाच की. १९९८ ला ब्रिटनच्या 'रोबोट वॉर्स'ची पहिली मालिका रोडब्लॉकने जिंकली, तो पाचरीच्या आकाराचाच होता. नंतर बऱ्याच लढतींच्या स्पर्धांनी अट घातली की नुसती पाचर चालणार नाही, हलतं शस्त्र पाहिजे. का? कारण प्रेक्षकांना दोन उतरणी एकमेकींवर चढताना बघण्यात रस नसतो.

सुमो_खेळणारा

बुद्धिबळात हात धरणं? अहो, फुटबॉलमध्ये बचावपटू असतो. त्याने गोल केला नाही म्हणून तो खेळत नाहीये का?

नटबोल्ट

बचावपटू पाय घालून पाडतो तेव्हा शिट्टी वाजते.

सुमो_खेळणारा

चेंडूला पाय लागला तर नाही वाजत.

गंजकी_स्प्रिंग

शिट्टी म्हणताच शिट्टीवाले काका आठवले. आहेत का धाग्यावर?

शिट्टीवाले_काका

आहे. वाचत होतो, मुद्दाम गप्प होतो.

मी बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहतो. ताईंच्या सामन्याबद्दल बोलणार नाही, मी तिथे नव्हतो. पण मैदानाच्या कडेवरून हा प्रश्न कसा दिसतो ते सांगतो.

पंचाला हेतू दिसत नाही. दोन रोबो भिडतात, एक कलंडतो, सगळं दीड सेकंदात. 'मुद्दाम पाडू नये' असं नियमात लिहिणं सोपं आहे. मी काय बघतो? पहिलं, पाटीवाला समोरच्याची चाकं उचलल्यावर थांबला, की ढकलतच राहिला? दुसरं, समोरचा कलायला लागल्यावर मागे येण्याची संधी होती का, आणि ती घेतली का? तिसरं, हे एकदा झालं की तेच तेच होतंय? एकदा झालं तर मी ताकीद देतो. त्याच जागी, त्याच पद्धतीने तिसऱ्यांदा झालं तर ते 'खेळाच्या ओघात' राहत नाही.

व्हेक्सच्या नियमांचा कल असा आहे की बचाव करणारा आणि गुण मिळवायला निघालेला यांच्यात शंका आली तर फायदा गुण मिळवणाऱ्याला द्यावा. मला हे तत्त्व आवडतं. पाटीवर बंदी नाही, पण पाटी लावून तुम्ही नुसता बचाव करणार असाल तर जोखीम तुमची. त्याचबरोबर हेही खरं की रोबोने धक्के सोसावेत अशीच अपेक्षा असते. एका धक्क्यात आडवा होणारा रोबो घेऊन या आणि दुसऱ्याला दोष द्या, असं चालत नाही.

आकारावर बंदी घालायला गेलात तर मी तपासणीच्या टेबलावर मरेन. कोनमापक घेऊन प्रत्येक रोबोची प्रत्येक पाटी मोजायची. आणि वस्तू आत घेणारी उतरण, तिचं काय? ती पाचरच आहे.

ताई, एक विचारू? तुमच्या रोबोला पुढे वस्तू आत घ्यायला काय आहे?

खटपटे_ताई

काका, रबराची चाकं आहेत. आणि त्याखाली… एक उतरती पाटी.

मराठी_शाळेतला

आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. रोबोंच्या बाबतीत तर खरोखर वाकूनच पाहावं लागतं.

खटपटे_ताई

हसा, हसा. मी आत्ता मुलांनी काढलेलं चित्रीकरण परत पाहिलं. साखळी सामन्यांपैकी एकात आमची हीच पाटी एका चमूच्या मागच्या चाकाखाली गेलेली दिसते आहे. पाच-सहा सेकंद ते अडकले होते. आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मीही टाळ्या वाजवत होते. चित्रीकरणात माझाच आवाज येतो, "चल चल चल!"

तरीही मला वाटतं फरक आहे. आमची पाटी वस्तूसाठी होती.

नटबोल्ट

फरक आहेच. तुमची एका बाजूला, कामाची. त्यांची चारी बाजूंना, आणि मागच्या बाजूने कोण वस्तू घेतं?

ऊर्जा_अक्षय

नटबोल्ट, चारी बाजूंच्या पाट्यांचं एक प्रामाणिक कारण असतं. दुसऱ्या पाटीवाल्यापासून बचाव. तुमच्या बाजू उभ्या आणि जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर असतील तर कोणीही खाली घुसतो. तुमच्याही बाजू उतरत्या असतील तर ज्याची कड खाली त्याची सरशी. ही शर्यत एकदा सुरू झाली की सगळेच पाट्या लावतात, हवी असो वा नसो.

नटबोल्ट

हेच तर माझं म्हणणं आहे! नियमाने थांबवलं नाही तर सगळ्यांनाच लावावी लागते. मग सगळे रोबो एकसारखे दिसणार आणि मुलं मोटरीऐवजी पत्र्याची धार घासत बसणार.

कप्पी_आणि_दोरी

कड किती खाली नेणार पण? मैदान फोमच्या फरशांचं असतं, दातेरी कडा एकमेकींत अडकवलेल्या. रोज शेकडो चाकं फिरून सांधे उचलले जातात. कड मिलिमीटरभर वर ठेवून आलेले पाटीवाले तिथे अडकून थांबतात. आम्ही एकाला स्वतःच्याच वेगाने सांध्यात घुसून उलटा होताना पाहिलाय. निसर्गाचा न्याय.

गंजकी_स्प्रिंग

पाचर उपटायला गेलेल्या माकडाची गोष्ट उलटी झाली म्हणायची. इथे पाचरच अडकली.

दहावी_ब

मी खटपटे ताईंच्या चमूत आहे. रोबो मी चालवत होतो. ताईंना विचारून लिहितोय.

खरं सांगू का, मला पाटीचा राग नाही आला. मला स्वतःचा राग आला. पहिल्या वेळी अडकलो तेव्हा कळलं होतं की ते समोरून येतात. दुसऱ्या वेळीही मी तोंड त्यांच्याकडेच ठेवलं. आमची मागची चाकं ऑम्नी (आडवीही घसरणारी) आहेत, मी वळून बाजूला घसरून निघू शकलो असतो. आणि लिफ्ट वर ठेवून आडवा जाऊ नकोस असं श्रेया सारखं सांगत होती. (तिचं नाव घेतलं, ती रागावेल.)

आडवा झाल्यावर समोरच्या चमूतला एक दादा सामना संपल्यावर लगेच आला आणि आमचा वाकलेला शाफ्ट बदलून द्यायला त्याच्याकडचा नवीन दिला. हे ताईंनी लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

खटपटे_ताई

हे मला माहीत नव्हतं रे! मी तेव्हा पंचांशी भांडत होते ना.

शिट्टीवाले_काका

पोरा, पुढच्या वेळी अडकलास की हात वर करून पंचाला दाखव. आम्ही सेकंद मोजतो. पण मैदानात चार रोबो असतात आणि डोळे दोनच.

तिरपी_चाल

दहावी_ब, ऑम्नीचा मुद्दा दुधारी आहे. ऑम्नीने तू बाजूला घसरून निघशील, पण तुला बाजूने ढकलणंही तितकंच सोपं होतं. मधल्या जोडीला साधी रबरी चाकं लावून बघा. आम्हाला त्याने फरक पडला.

नटबोल्ट

ठीक आहे, मुलाच्या प्रतिसादानंतर माझा सूर जरा खाली घेतो. पण मत बदललेलं नाही. वस्तूसाठी नसलेली, जमिनीला टेकणारी तिरकी पाटी तपासणीतच काढायला लावावी. 'ही पाटी कशासाठी?' एवढं विचारायचं, उत्तर देता आलं नाही तर काढा.

शिट्टीवाले_काका

नटबोल्ट, मुलं उत्तर देतात हो. एका चमूने मला सांगितलं होतं, "काका, ही पाटी आमच्या तारा झाकायला आहे." तारा खरंच झाकल्या होत्या.

मराठी_शाळेतला

उत्तर पाठ करून येणार. तोंडी परीक्षा म्हटली की ती आलीच.

खटपटे_ताई

आठवडाभराने धागा वर काढतेय.

मुलांनी तीन बदल केले. मधली चाकं रबरी (तिरपी_चाल, आभार). लिफ्ट ठरावीक उंचीच्या वर असेल तर गाडीचा वेग आपोआप निम्मा होतो, हा भाग श्रेयाने लिहिला, आणि हो, ती रागावली होती. तिसरं म्हणजे बाजूंना उभ्या पट्ट्या, जमिनीपासून ५ मिलिमीटरवर, म्हणजे कोणी खाली घुसू नये. सरावात ती पट्टी फरशीच्या सांध्यात पहिल्याच फेरीला अडकली. आता मुलं म्हणतायत पट्टी बिजागरीवर लावू, म्हणजे सांधा आला की वर उचलली जाईल.

कप्पी_आणि_दोरी

बिजागरी कोणत्या दिशेला? बाहेर उघडणारी असेल तर पट्टी जमिनीवर तिरकी टेकणार.

गंजकी_स्प्रिंग

म्हणजे पाचर.

खटपटे_ताई

:)

काका, फोटो पाठवू का? तपासणीत चालेल का ते सांगाल?

शिट्टीवाले_काका

आधी हे सांगा, स्पर्धा कोणती? मी तिथे पंच असेन तर फोटो पाठवू नका.